एकोणीस वर्षं ठीक

भाऊजींचा खांदा निखळला त्या दिवशीसुद्धा आमच्या ह्यांनी वहीत 'ठीक' असंच लिहिलं. माझ्या डोळ्यांदेखत लिहिलं. भाऊजी ओट्यावर पडून कण्हत होते, त्यांची बायको त्यांच्या तोंडाला पाण्याचा पेला लावत होती, आणि हे आत टेबलाशी बसून तारीख, वेळ, गेट किती उघडलं ते सावकाश लिहीत होते. शेवटच्या रकान्यात यंत्राची स्थिती लिहायची असते. तिथे 'ठीक'. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भाऊजींना दवाखान्यात न्यायचं होतं आणि गाडी दारात उभी होती, म्हणून तोंड मिटून बसले.

नीट सांगते. धरणाच्या भिंतीत, कालव्याच्या तोंडाशी एक गेट आहे. आमचे हे त्या गेटाचे सरकारी गेटवाले. गेटावर एक खोली आहे, तिला आम्ही केबिन म्हणतो, आणि केबिनमध्ये ते यंत्र. लोखंडी रीळ, त्यावर तारेचा दोर, दोन्ही अंगांना एकेक हँडल. एका हँडलवर मी, दुसऱ्यावर भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, दोघंही रोजंदारीवर. आम्ही फिरवायचं, दोर रिळावर चढायचा, गेट वर यायचं. चाकाचा एकेक दात पुढे सरकला की एक खिट्टी टक्‌ करून त्यात पडते आणि गेट अडवून धरते. निदान पडायला हवी. पण खिट्टीची धार झिजून गोल झालेली, दातांचीही तीच गत. म्हणून हे खिट्टीच्या मागे लाकडाची पाचर दाबून धरतात. खाली उकिडवे बसतात, एका हातात पाचर, दुसऱ्यात हातोडी, नजर खिट्टीवर. ह्यांच्या त्या पाचरीच्या भरवशावर मी बारा वर्षं हँडल मारलं. पाचर हलली की खिट्टी उडते, गेटाचं सगळं वजन हँडलवर येतं आणि हँडल उलटं फिरतं.

त्या दिवशी ते अर्धाच फेरा उलटं फिरलं. ह्यांनी पाचर लगेच दाबली. तेवढ्यात भाऊजींचा हात खांद्यातून सुटला होता.

डॉक्टरांनी हात गळ्यात बांधला आणि दोन महिने हलवायचा नाही म्हणून बजावलं. पुढचं पाणी महिन्याने सोडायचं होतं. हजेरीपटावरची जागा रिकामी राहिली की दुसऱ्या कुणाचं तरी नाव चढतं, आणि एकदा चढलेलं नाव उतरत नाही. म्हणून भाऊजींच्या जागी त्यांची बायको उभी राहणार असं ठरलं. ठरवलं तिनेच. तिला सगळे चिमणी म्हणतात, ते तिच्या देहावरून. जिभेवरून नाव ठेवलं असतं तर कात्री ठेवावं लागलं असतं. हँडल वर जातं तेव्हा ते धरायला तिला टाचा उचलाव्या लागतात. मला म्हणाली, ताई, गेट वर जाईल की नाही माहीत नाही, मी मात्र नक्की वर जाईन.

मी हसले. पण उलटं फिरणारं हँडल मी पाहिलं होतं. उंच माणसाच्या ते खांद्यावर बसलं. चिमणीच्या कुठे बसेल, याचा हिशेब माझं डोकं आपोआप करायला लागलं. भांडी घासताना, कपडे पिळताना, काहीही फिरवताना तोच हिशेब. ताट वाढताना मी तीच भाजी दोनदा वाढते हे ह्यांच्या लक्षात आलं, तेव्हा म्हणाले की अशक्तपणा असेल, दूध घेत जा.

आता हे वहीत 'ठीक' का लिहितात तेही सांगायला हवं. ह्यांच्या आधी माझे सासरे इथे गेटवाले होते. मामंजींनी एका वर्षी सरळपणे लिहिलं, खिट्टी सैल आहे. महिन्याभरात वरून कागद आला. यंत्र आपल्या ताब्यात असताना खिट्टी सैल कशी झाली याचा खुलासा करावा. खुलासा करायला मामंजींना तीन दिवस ऑफिसच्या व्हरांड्यात उभं केलं, बसायला बाकडंसुद्धा दिलं नाही, आणि वर दोन वर्षं बढती अडवली. खिट्टी तशीच राहिली. घरी येऊन त्यांनी ह्यांना जवळ बसवलं आणि सांगितलं, वहीत ठीक लिहायचं आणि हाताने ठीक ठेवायचं. तेव्हापासून आमच्या घरात हाच कायदा. ह्यांनी तो एकोणीस वर्षं पाळला आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. एवढ्या वर्षांत गेट एकदाही बंद पडलं नाही, हे ते पाहुण्यारावळ्यांना आवर्जून सांगायचे.

दहाव्या दिवशी नव्या इंजिनियरबाई आल्या. वयाने लहान, स्कूटरवरून आल्या, हेल्मेट हातात धरूनच सगळीकडे फिरल्या. भाऊजींचा बांधलेला हात बघून त्यांनी विचारलं, काय झालं. हे चटकन म्हणाले, पाय घसरला.

"हो ना," चिमणी म्हणाली, "आमच्या घरात पाय खांद्याला असतात."

बाई हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, यंत्र दाखवा. केबिनमध्ये गुडघे टेकून त्यांनी खिट्टीवर बोट फिरवलं, मग दातांवर, मग पाचर काढून उजेडात धरली. एका बाजूने पार दबलेली होती. ही कधी बदलता, असं विचारलं. हे म्हणाले, दर पाण्याला नवी तासतो, बाईसाहेब, कंटाळा नाही करत. बाईंचा चेहरा पडला. ह्यांना वाटलं, पाचरीचं लाकूड त्यांना आवडलं नाही.

त्यानंतर दोन दिवस बाई आमच्याच टेबलाशी बसून यंत्र बदलण्याचा प्रस्ताव लिहीत होत्या. यंत्र बसवलं ते साल सापडेना, तेव्हा मी राखेने घासून त्याची पाटी साफ करून दिली. ते यंत्र मामंजींपेक्षा जुनं निघालं. बाई मला वाचून दाखवायच्या. यंत्राचं आयुष्य किती धरलेलं असतं, त्याच्या दुपटीहून जास्त कसं झालंय, सुटे भाग कुठेच का मिळत नाहीत. एकदा वरून यंत्र निकामी ठरवलं, की नवं येईपर्यंत गेट उचलायला यांत्रिकी विभागाने चेनपुली आणि स्वतःची माणसं पाठवायची, असा नियमच आहे म्हणाल्या. म्हणजे हँडलला कुणीच हात लावायचा नाही. मला एवढंच ऐकायचं होतं. मी चहात साखर जरा जास्तच घातली.

मग त्यांनी मागची बिघाडांची नोंद मागितली. ह्यांनी कपाटातून सगळ्या वह्या काढल्या आणि फडक्याने पुसून समोर ठेवल्या. बाई पानं उलटत गेल्या. ठीक. ठीक. ठीक. भाऊजींच्या दिवशी, ठीक. त्यांनी वही मिटली. हे उभेच होते, शाबासकीची वाट बघत.

प्रस्ताव बाई स्वतः घेऊन गेल्या. आठवड्याने परत आला. वर लाल शाईत शेरा होता: 'सदर यंत्र एकोणीस वर्षे विनातक्रार सुरू असल्याचे दिसते. सबब बदलण्याची निकड समजून येत नाही.' पाणी सोडायला आठ दिवस उरले होते. बाईंनी मोठ्या साहेबांचे पाय धरायचेच बाकी ठेवले असतील. साहेब स्वतः येऊन बघायला तयार झाले.

साहेब येणार त्या सकाळी हे ओट्यावर बसून पाचर तासत होते. नवीकोरी, नेहमीपेक्षा सुबक. मी समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, आज तरी कळू द्या त्यांना. हे म्हणाले, साहेबांसमोर गेट पडलं तर माझी लाज जाईल. मी म्हटलं, आणि नाही पडलं तर चिमणी जाईल. त्यांनी मान वर केली नाही. तासत राहिले. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की पाचर हिसकावून चुलीत टाकावी असं वाटलं. पण ती टाकली असती तर हँडल आमच्याच अंगावर आलं असतं. पाचर असली तरी भीती, नसली तरी भीती, असं सगळं होऊन बसलं होतं.

साहेब आले. जाड, घामाघूम, भिंतीवरच्या पायऱ्या चढून धापा टाकत होते. माणूस वाईट नव्हता. खुर्चीवर बसल्यावर त्यांनी ह्यांना आपुलकीने विचारलं, "काय, बंद पडलं का कधी?"

"नाही साहेब. एकदाही नाही." छाती पुढे काढून म्हणाले.

साहेब खूश झाले. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून खातं चाललंय, म्हणाले. बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. भाऊजी खाली बघत होते. मला कळलं की हे आत्ता संपलं. साहेब उठतील, चहा घेतील, जातील, आणि पाणी सोडायच्या दिवशी चिमणी टाचा उचलून हँडल धरेल.  मग मीच बोलले.

"साहेब, यंत्र चालत नाही. हे चालतात. पाचर काढायला सांगा आणि मग हँडल धरून बघा."

 ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चारचौघांत त्यांच्या थोबाडीत मारली. साहेबांनी हँडलकडे हात नेला, आणि बाई म्हणाल्या, "साहेब, हात नको." साहेबांनी हात मागे घेतला. मग दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, असं असेल तर मला दाखवा.

दाखवायचं म्हणजे आधी गेट उचलायला हवं. भाऊजींचा हात बांधलेला. दुसऱ्या हँडलला चिमणीच उभी राहिली. मी नको नको म्हणत होते, पण ती पदर खोचून तयार. हे खाली बसले. आम्ही फिरवायला लागलो. टक्‌, टक्‌. चिमणीचा श्वास मला ऐकू येत होता. हँडल वर जाताना तिच्या टाचा उचलल्या जात होत्या, खाली येताना अख्खी वाकत होती. दोन वीत गेट उचलायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी आयुष्यात घेतली नव्हती एवढी देवाची नावं घेतली. बारा वर्षं हात कधी घामाने घसरला नव्हता, तो आज घसरत होता.

गेट उचलून झालं. ह्यांनी पाचरीला सुतळी बांधली. सगळ्यांना दाराबाहेर काढलं आणि सुतळीचं टोक धरून तेही उंबऱ्याबाहेर आले. एकदा साहेबांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग ओढली.

आवाज असा आला की मी कान झाकले. दोन्ही हँडलं दिसेनाशी झाली, नुसती गरगर. खाली गेट आपटलं आणि पायाखालची भिंत हादरली. त्याच वेळी पलीकडचं हँडल दांड्यावरून निसटलं आणि समोरच्या भिंतीवर जाऊन बसलं. प्लॅस्टरची धूळ उडाली. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही तसेच उभे.

पहिली आत गेली चिमणी. आपल्या जागेवर उभी राहिली आणि मागे वळून बघितलं. भिंतीला वीतभर भगदाड पडलं होतं, आत विटा दिसत होत्या. ते तिच्या गळ्याच्या बरोबर उंचीला होतं. तिने त्यावर हात ठेवला, मग गळ्यावर ठेवला. काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. भाऊजी तिच्याजवळ गेले आणि चांगल्या हाताने तिला बाहेर घेऊन आले.

हे दारातच खाली बसले. चेहरा पांढराफटक. मला म्हणाले, "मी कधी वर बघितलंच नाही." खरंच होतं ते. एकोणीस वर्षं त्यांची नजर खिट्टीवर.

मला वाटलं, सुटलो. साहेबांनी डोळ्यांनी बघितलं, आता अजून काय हवं. पण साहेब घाम पुसत म्हणाले की मी पाहिलं ते खरं, पण मंजुरी देणारे पाहायला येत नाहीत. ते वही बघतात. वहीत एकोणीस वर्षं ठीक आहे. म्हणजे एक तर यंत्र चांगलं, नाहीतर वही खोटी. वही खोटी आहे असं ज्याने लिहिली त्यानेच लेखी द्यायला हवं, तरच यंत्र निकामी ठरेल. खोट्या नोंदींबद्दल पुढे चौकशी लागते, निलंबनही होतं. मी मध्ये पडेन, पण शब्द देत नाही. हे सगळं ते हळू आवाजात सांगत होते, आजारी माणसापाशी बोलतात तसं. ह्यांच्या निवृत्तीला चार वर्षं राहिली होती.

बाई म्हणाल्या, तिसऱ्या दिवशी मी कागद न्यायला येते. त्याच्यानंतर वेळ उरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर हे हत्यारांची पेटी घेऊन केबिनकडे निघालेले. निसटलेलं हँडल बसवायला. पुरावाच दुरुस्त करायला निघाला हा माणूस. मी धावत जाऊन केबिनच्या उंबऱ्यावर बसले. हे म्हणाले, असं मोडलेलं ठेवता येत नाही, खाली लोक पाण्याची वाट बघतायत. मी म्हटलं, बघू देत. ते पेटी खाली ठेवून माझ्यासमोर उभे राहिले. मग एकदम आवाज फुटला त्यांचा. नोकरी गेली तर क्वार्टर जाईल, म्हणाले. बाबांना व्हरांड्यात तीन दिवस उभं केलं होतं, मी डबा घेऊन जायचो, मला आठवतंय ते कसे उभे असायचे. मला नाही जमणार. मला भीती वाटते.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. राग कुठल्या कुठे गेला. तरी मी उठले नाही.

"आपण चौघं आहोत. क्वार्टर गेली तर कुठे जायचं?" त्यांनी विचारलं.

"तिघं राहिलो तर कुठे जायचं ते आधी सांगा."

ते पेटी उचलून घरी गेले. दिवसभर जेवले नाहीत. चिमणी मात्र ओट्यावर बसून जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडत होती, हँडल मारताना तळव्यांना गुंडाळायला. काल भगदाडावर हात ठेवला होता तीच बाई. मी विचारलं तर म्हणाली, ताई, दादा लिहितील का नाही ते त्यांचं, पाणी तर सोमवारी सोडायचंच आहे ना. हे आतून ऐकत होते. पट्टी फाटल्याचा आवाज झाला की ते दचकायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाई आल्या. ह्यांनी कागद आधीच लिहून ठेवला होता, फक्त सही राहिली होती. बाईंनी वाचला. मीही मागून वाचला. 'मी एकोणीस वर्षे नोंदवहीत यंत्र ठीक असल्याचे लिहिले. ते खोटे आहे. यंत्र मी पाचर लावून चालवत होतो. या कामात माझा भाऊ जखमी झाला, तेही मी लिहिले नाही.' अक्षर नेहमीसारखंच मोत्यासारखं होतं.

बाई जरा घुटमळल्या. मग हळूच म्हणाल्या, सगळी एकोणीस वर्षं कशाला अंगावर घेता, गेल्या एका वर्षाचं लिहा. मग चौकशीतून कदाचित सुटाल.

माझा जीव आशेने वर आला, खोटं कशाला बोलू. ह्यांनी कागद हातात घेतला. पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"एका वर्षाचं लिहिलं तर खिट्टी बदलून देतील, बाईसाहेब," ते म्हणाले. "यंत्र नाही बदलणार."

बाईंनी मान हलवली. ते बरोबर होतं, आणि ते त्यांनाही माहीत होतं. ह्यांनी सही केली. सही इतकी वेडीवाकडी आली की त्यांची वाटेना, म्हणून बाईंनी खाली अंगठाही घेतला. कागदाची घडी करून पिशवीत ठेवली. आजच देते, म्हणाल्या, परवा चेनपुली येईल. हेल्मेट घातलं आणि निघाल्या.

हे दारात उभे राहून बघत होते. स्कूटर भिंतीवरून खालच्या रस्त्याला लागली. पहिल्या वळणाशी ती जरा मंदावली, तसे हे पायात चपला सरकवायला लागले.

"अजून गाठता येईल बाईसाहेबांना," ते म्हणाले.

मी पुढे होऊन दारात आडवी उभी राहिले. दोन्ही हातांनी चौकट धरली. ते माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे. स्कूटरचा आवाज पार ऐकू येईनासा होईपर्यंत मी बाजूला झाले नाही.